मदत हवी आहे : स्टॅम्पपेपरवर काडीमोड झाला, आता मुलं आणि कलमांची बाग यांचं काय?

खाडीपलीकडे :
एका ओळखीच्या कुटुंबासाठी विचारतोय. नवराबायको दीड वर्ष वेगळे राहतात. मुलगी 8 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. दोघं आईबरोबर तिच्या माहेरी, देवगड तालुक्यात. मुलगी तिथल्याच शाळेत जाते. नवरा मुंबईत नोकरीला, सासर मालवण तालुक्यात. सासरी हापूसची साठेक कलमं आहेत, सातबारा मुलांच्या आजोबांच्या नावावर. विरारचा फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावे, कर्जही दोघांचं.

गणपतीत दोन्हीकडची मंडळी बसली आणि 500 च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं : काडीमोड झाला, मुलगा 5 वर्षांचा झाला की वडिलांकडे, मुलगी आईकडे, आईने मुलांसाठी पोटगी मागायची नाही, बागेत मुलांचा हक्क नाही. नोटरीपण केलीय. आता बाग विकायला काढल्याचं कानावर येतंय. हा कागद बांधतो का? कुठे जायचं? कुटुंब हिंदू आहे.

कातळसडा :
तो कागद जपून ठेवा, वेगळे कधीपासून राहतात याला पुरावा म्हणून तो कामाला येईल. बाकी त्याने काडीमोड होत नाही. नोटरी फक्त सह्या कोणी केल्या एवढंच सांगते. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट कोर्टच देतं. परस्पर संमतीचा अर्ज कलम 13ब खाली, किमान 1 वर्ष वेगळं राहिल्यावर. पहिल्या अर्जानंतर 6 महिने थांबावं लागतं, ते माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे (सुप्रीम कोर्ट, 2017). बायकोला हा अर्ज ती राहते त्या हद्दीतल्या कोर्टात करता येतो.

पोटगी हा मुलांचा हक्क. आईने सही करून तो सोडला तरी सुटत नाही.

'5 वर्षांचा झाला की वडिलांकडे' हा सर्रास होणारा गैरसमज आहे. 1956 च्या पालकत्व कायद्यात एवढंच आहे की 5 वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं. पाच पुरी झाली की ताबा आपोआप बापाकडे जातो असं कुठेही म्हटलेलं नाही. कोर्ट मुलाचं हित बघतं. शाळा कुठली, सांभाळतं कोण, आणि भावंडं तुटतात का, हे सगळं त्यात येतं. ताई आणि भाऊ दोन घरांत वाटून टाकणं कोर्टालाही सहसा पटत नाही, आणि मला विचाराल तर त्या कागदातलं सर्वात क्रूर कलम तेच आहे.

ताब्याचा अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात. म्हणजे इथे ओरोसला, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी. अर्जासोबतच तात्पुरत्या ताब्याचा अर्ज जोडा. शाळेचा बोनाफाईड आणि लसीकरण कार्ड लागेल. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

तिठा :
जमिनीचं मी सांगतो. ताबा आणि जमीन यांच्या फायली वेगळ्या ठेवा. 'मुलगा द्या, मग बागेत नाव लावू' असली देवाणघेवाण मान्य करू नका.

आधी तलाठ्याकडून जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. बाग आजोबांकडे कशी आली यावर सगळं ठरतं. 1956 पूर्वी वारशाने आली असेल तर वडिलोपार्जित, नातवंडांचा जन्मापासून हिस्सा, नातीचाही. 1956 नंतर वारस म्हणून आली असेल तर साधारणपणे ती आजोबांची स्वतःची, मग ते हयात असताना नातवंडांना विक्री अडवणं कठीण. एकत्र कुटुंबाची जमीन कधी वाटलीच गेली नसेल तर मात्र पुन्हा विचार करावा लागतो. सुनेला बागेत थेट मालकी नाही, हे तिला आधीच स्पष्ट सांगा.

हिस्सा दिसत असेल तर मालवणच्या दिवाणी कोर्टात मुलांच्या वतीने आईने वाटपाचा दावा लावायचा आणि तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे तोवर विक्री थांबवण्याचा, अर्ज करायचा. 'आपली चावडी' या महसूल खात्याच्या ऑनलाइन सूचनाफलकावर प्रलंबित फेरफार दिसतात, रोज बघा. विक्रीची नोंद घातली गेली तर 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. उशीर झाला की नोंद मंजूर होते आणि मग प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करत बसावं लागतं.

फ्लॅटचं वेगळंच दुखणं. 'फ्लॅट नवऱ्याने घ्यावा, हप्ते त्याने भरावेत' असं तडजोडीत लिहिलं तरी बँकेवर ते बंधन नाही. हप्ता थकला की बायकोलाही नोटीस येणार. बँकेने तिचं नाव सहकर्जदार म्हणून काढल्याचं पत्र हातात आल्यावरच तिने हक्कसोड सही करावी.

खाडीपलीकडे :
खूप आभार. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'कुळकायदा कलम 43' असा शेरा दिसतोय. आणि वडिलांना मुलं भेटायला हवी आहेत, त्यात आईची हरकत नाही.

तिठा :
मग बाग कुळाची, म्हणजे जमीन कसणाऱ्याला कुळकायद्याने मिळालेली. 32म चा दाखला (कुळाने जमीन खरेदी केल्याचा) मिळून 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) 40 पट रक्कम भरून विकता येते, नाहीतर परवानगी लागते. ती भरलीय का ते तहसील कार्यालयात विचारा. मूळ कूळ पणजोबा असतील तर खरेदी कुटुंबासाठी झाली असं म्हणायला जागा मिळते, म्हणून 32म चा दाखला नक्की काढा.

कातळसडा :
भेटीचं 'सणासुदीला आणि सुट्टीत' असं मोघम लिहू नका, दरवर्षी त्यावरून भांडण होतं. गणपतीची तारीख बदलते, म्हणून तिथीने लिहा : एक वर्षाआड भाद्रपद शुद्ध तृतीया ते गौरी विसर्जन वडिलांकडे, त्या वर्षी शिमगा आईकडे. मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी. गाडीचा नंबर टाकू नका, पावसाळी वेळापत्रकात वेळा बदलतात. 'कणकवली स्टेशन, सकाळी 10 ते 12 मध्ये' असं लिहा. गाडी चुकली तर कळवायचं कुणी, हेही. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल, वार आणि वेळेसह.

पोटगीसाठी दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं (सुप्रीम कोर्ट, 2020). बागेचं उत्पन्न पगाराच्या स्लिपवर येत नाही. नवरा बाग करतो असं म्हणणं असेल तर वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), फळपीक विम्याची पावती आणि बँक पासबुक मिळेल तेवढं जमवा.