गणिताची पदवी: तीन वर्षं आणि फी, वसूल होते का?

हातचा एक
धाकट्या बहिणीला गणितातच पदवी करायची आहे. घरात दोन तट पडलेत, माझं अजून ठरत नाही. म्हणून काल रात्री वही घेऊन बसलो. आकडे मानलेले आहेत, पण हिशोब खरा आहे.

पदवी न घेता लगेच मिळणाऱ्या नोकरीचा वर्षाचा पगार धरला १. फी वर्षाला ०.५. म्हणजे तीन वर्षांची फी १.५, बुडालेला पगार ३, एकूण ४.५. राहण्या-जेवणाचा खर्च धरला नाही, तो दोन्हीकडे तितकाच. पदवीमुळे पगार ३० टक्के जास्त, म्हणजे वर्षाला ०.३ जादा. साध्या भागाकाराने १५ वर्षांत वसुली होते. पण ८ टक्के व्याज लावलं की ४.५ वर वर्षाचं व्याजच ०.३६ होतं आणि जादा मिळकत ०.३०. व्याजच सुटत नाही, तर मुद्दल कुठून फिटणार? माझं कुठे चुकतंय का?

त्रिज्या
चुकतंय. पगार आयुष्यभर १ वर थांबून राहतो का? दरवर्षी ५ टक्के वाढ धरा. मग तो ०.३ चा फरकही त्याच दराने वाढतो. ३५ वर्षांच्या नोकरीतला हा सगळा फरक ८ टक्क्यांनी मागे आणला, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशातून तितकं व्याज वजा केलं, तर पदवी हातात येते त्या दिवशी त्याची किंमत साधारण ६.२७ भरते. तुमचा खर्च तीन वर्षांच्या व्याजासकट ४.८७. पदवी फायद्यातच आहे. बहिणीला अडवू नका.

काटकोन
त्रिज्याताई, आकडेमोड बरोबर आहे, पण तुलना कोणाशी करताय? जो पदवीला न जाता कामाला लागला, त्याच्या गाठीशी तोवर तीन वर्षांचा अनुभव आणि तीन पगारवाढी असतात. तो १ वर नाही, १.१६ वर असतो. नवी पदवीधर १.३ वर सुरू करणार. म्हणजे खरा फरक ०.१४. तुमच्याच पद्धतीने त्याची किंमत जेमतेम ३. शिवाय बुडालेला पगारही दरवर्षी वाढलाच असता, त्यामुळे खर्च ५ च्या वर जातो.

ही पदवी मी स्वतः घेतली आहे. पहिल्या मुलाखतीत त्यांनी एक तक्ता समोर ठेवला. तारखा तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या, मधली काही घरं रिकामी, एका ठिकाणी वय १९९. "यातून काय दिसतं ते सांगा." मी तीन वर्षं सिद्धता लिहिल्या होत्या. रिकाम्या घराचं काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. पंधरा मिनिटांत बाहेर आलो. पुढचे अकरा महिने घरी बसून संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग शिकलो. ते अकरा महिने कुणाच्याच हिशोबात नाहीत.

पायथा
सगळं पगारातच मोजायचं का? योहान राडोनने १९१७ मध्ये एक शुद्ध गणिती प्रश्न सोडवला: सगळ्या रेषांवरची संकलनं (प्रत्येक रेषेवरच्या किमतींची बेरीज) माहीत असतील, तर मूळ फलन (जागोजागची किंमत) परत कसं मिळवायचं. सीटी स्कॅनच्या मुळाशी असलेलं गणित हेच. रुग्णाचा पहिला स्कॅन १९७१ मध्ये झाला.

काटकोन
आणि राडोन १९५६ मध्येच गेले होते. गणिताचा जगाला फायदा होतो, याबद्दल माझा वादच नाही. पण तो फायदा पदवीधराच्या पगारपत्रकात उतरत नाही, आणि फी तर तिलाच भरायची आहे.

त्रिज्या
अनुभवाचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला. पण मग प्रश्न उलटा सोडवून बघा. तुमचेच आकडे घेऊन, खर्च निघायला पदवीधराचा सुरुवातीचा पगार किती हवा? मी काढला: साधारण १.४. म्हणजे आपण भांडतोय ते १.३ आणि १.४ मधल्या फरकावर.

आणि तो फरक विषय निवडताना भरून काढता येतो. संभाव्यता, संख्याशास्त्र, संख्यात्मक विश्लेषण हे पेपर पदवीतच घेतले, जोडीला प्रोग्रॅमिंग केलं, तर तुमचे अकरा महिने तिचे वाचतात. विमागणिताच्या व्यावसायिक परीक्षा तर नोकरी करता करता देता येतात. काटकोन, तुम्हाला पदवीने फसवलं नाही. तुम्हाला पेपर निवडायला मदत करणारं कुणी नव्हतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

दशांश
एक गोष्ट सगळेच विसरताय. पदवी पूर्ण होईलच असं धरून चाललाय. दुसऱ्या वर्षी वास्तव विश्लेषणाने (कलनशास्त्र काटेकोर सिद्धतांसह मांडणारा विषय) दमछाक होऊन सोडून गेलेले माझ्या वर्गात होते. दोन वर्षांची फी आणि पगार गेला, हाती काहीच नाही. वसुलीच्या आधी तिला त्यातली सीमेची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या दाखवा (एप्सिलॉन कितीही लहान दिला, तरी त्याला पुरेल असा डेल्टा सापडायला हवा) आणि तासभर शेजारी बसा.

हातचा एक
आत्ताच बसलो होतो. पहिली वीस मिनिटं तिने नुसती व्याख्या उतरवून काढली. मग विचारलं, "डेल्टा आधी का नाही निवडायचा?" उत्तर मला देता आलं नाही, ते तिनेच शोधलं, चौकटी आखून. त्यानंतर तिला तुमचा १.४ चा आकडा दाखवला. आता ती अभ्यासक्रमातले वैकल्पिक पेपर उतरवून घेतेय. काटकोन, तो तक्ता पुन्हा बनवून इथे टाकाल का? वय १९९ सकट. तिला सोडवून बघायचा आहे.