गणपतीला गावी जायचंय, लेकाला आवाज सोसत नाही. काय तयारी करू?

रहाटगाडगं:
मुलगा सहा वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं, बोलतो थोडंफार. आम्ही डोंबिवलीला, सासर कुडाळजवळ. घरचा गणपती पाच दिवसांचा, चुलत घरं धरून तीसेक माणसं.

गेल्या वर्षी पहिली आरती त्याने कशीबशी सोसली. दुसरीला काकांनी झांजा चढवल्या, कुणीतरी शंख फुंकला, बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. आधी कानांत बोटं, मग भिंतीवर डोकं. उचलून माजघरात नेलं तर तिथे धूप, मोदकांची वाफ आणि पाच बायका, "काय झालं गं त्याला?" शांत व्हायला चाळीस मिनिटं लागली. रात्री सासूबाई म्हणाल्या, "झिलाक दिष्ट लागली हा." मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मायेनेच हो, पण त्या ठसक्याने पुन्हा पहिल्यापासून.

नवरा म्हणतो यंदा जायलाच नको. मला ते पटत नाही, कारण त्याला तिथलं खळं, गाय, विहीर जीव की प्राण आहे. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा. औषधांचं डॉक्टरांना विचारेन, ते इथे नको.

खारीबटर:
कानावर बसणारे इअरमफ घे. गाणी ऐकायचे हेडफोन नव्हेत, कारखान्यात कामगार लावतात तसले, मुलांच्या मापाचे. सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. आवाज किती डेसिबलने कमी होतो ते खोक्यावर असतं, वीस-पंचवीसचे पुरतात. आत्तापासून रोज पाच मिनिटं घरात घालू दे, मिक्सर लावताना वगैरे. ऐनवेळी नवी वस्तू डोक्यावर चढवलीस तर तीच फेकून देईल (अनुभवाचे बोल, एक जोडी वाशीच्या खाडीत आहे). दिवसभर मात्र घालून ठेवू नकोस, कानाला शांततेची सवय लागली की साधा आवाजही टोचतो.

थेरपीवाली_ताई:
मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मुलांबरोबरच काम करते. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली. तो दिवस सुरू कधी झाला? रात्रभर ट्रेन, सकाळी अनोळखी पाणी, जरीचा टोचणारा सदरा, गाल ओढणारे दहा जण. झांजा शेवटी आल्या. नुसत्या झांजांचा बंदोबस्त केलात तर फसाल, आधीचं ओझं उतरवा. एक दिवस लवकर पोचा. सदरा जुना, धुऊन मऊ झालेला, आतलं लेबल उसवलेला. गाल ओढण्याची बंदी सासऱ्यांकडून जाहीर करून घ्या, सुनेचं कुणी ऐकत नाही.

दुसरं म्हणजे अंगाला जोर लागेल अशी कामं. स्नायू-सांध्यांवर दाब आला की बरीच मुलं शांत होतात. गावात याला काय तोटा? विहिरीवरून अर्धी कळशी आणणं, नारळ खळ्यातून पडवीत वाहणं, खलबत्त्यात कुटणं, कणीक तिंबणं. आरतीआधी वीस मिनिटं हे करू द्या. दाताखाली गाजर किंवा सुकं खोबरं द्या, चावण्यानेही तेच साधतं.

जड गोधडी अंगावर चालेल, पण त्याला स्वतः झटकून टाकता आली पाहिजे आणि तोंड उघडं हवं. गुंडाळून बांधल्यासारखं करू नका.

प्रामाणिकपणे सांगते, जीन एअर्स या अमेरिकन ओटींनी १९७०च्या आसपास मांडलेल्या या सगळ्या विचारावर अजून वाद आहेत, पुरावे मिश्र आहेत. जे तुमच्या मुलाला लागू पडतं ते ठेवा, बाकी सोडा. पण आवाज-स्पर्शाचा त्रास खरा आहे, याबद्दल वाद नाही. २०१३ पासून तो ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे.

नाना_फडतूस:
आमच्या वेळी असले लाड नव्हते. चार वेळा आरतीत उभा करा, होईल सवय.

कोपऱ्यातला:
नाना, मी ऑटिस्टिक आहे, वय ३१. मला चार नाही, चौदा वर्षं उभा केला. सवय झाली ती ओरडायचं नाही याची. आवाज तेवढाच लागतो.

रहाटगाडगं, तुम्हाला सांगतो आतून काय होतं. झांजेचा मोठेपणा एक वेळ चालतो, पण ती कधी थांबणार हे माहीत नसतं ते खातं. "थांब, संपेलच आता" याला अर्थ नाही, मोजता येईल असं काही द्या. माझी बहीण पाटावर सुपाऱ्या मांडायची, जितक्या आरत्या तितक्या. एक संपली की मी एक उचलायचो. शेवटची सुपारी दिसत असली की बरंच सोसता येतं.

आणि वाद्य त्याच्याच हातात द्या. स्वतः केलेला आवाज तितका लागत नाही.

एकदा फुटलाच तर प्रश्न विचारू नका. त्या वेळी शब्दही आवाजच असतात. दिवा मालवा, शेजारी बसा, गप्प.

खारीबटर:
सुपाऱ्या! हे आमच्याकडे सुरू होतंय आजपासून.

सिंधुदुर्गातलो:
गावाकडे मदत लागली तर जिल्हा रुग्णालयात लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं का बघा, डीईआयसी म्हणतात. थेरपीचा खर्च अंगावर येत असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ऑटिझम त्यात बसतो. आणि आरती सोडून उठण्याची खूण आधी ठरवा. आमची मुलगी नाकाला हात लावते. लावला की मी उठतो, नैवेद्य अर्धा वाढलेला असला तरी. एकदा जरी "दोन मिनिटं थांब" म्हटलंत तर ती खूण मेली समजा.

रहाटगाडगं:
सगळ्यांचे आभार, आता वृत्तांत. कालच परतलो.

इअरमफ पहिल्या दिवशी घातले, दुसऱ्या दिवशी वासराच्या डोक्यावर सापडले. पितळी झांज त्याला नकोच होती, लाकडी चिपळ्या दिल्या. पडवीच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकला, पाच सुपाऱ्या. पहिल्या संध्याकाळी दोनवर उठून गोठ्यात गेला, मी मागोमाग. तिसऱ्या संध्याकाळी पाचही उचलल्या आणि सहावी आरती सुरू झाली, कारण काकांना ऐनवेळी आठवली. तेव्हा जो काही आकांत झाला! चूक आमचीच, सुपारी नव्हती ना.

चौथ्या दिवशी सासूबाईच आरतीआधी काकांना विचारत होत्या, "किती म्हणतलास ता आधी सांग." मग मोजून सुपाऱ्या मांडल्या.

विसर्जनाला ओढ्यावर नेला नाही. नवरा आणि तो घरी थांबले, नारळ मोजत.

थेरपीवाली ताई, एक विचारायचंय. आता डोंबिवलीत आल्यापासून तो जेवतानाही ताटाशेजारी सुपाऱ्या मांडतो, घास मोजायला. राहू द्यावं का?

थेरपीवाली_ताई:
पोटभर जेवतोय ना? मग राहू द्या. सुपाऱ्या तोंडात घालत नाही एवढं बघा.