बाबांच्या ३७७ डिस्क हार्डडिस्कवर उतरल्या, आता टीव्हीवर लावायच्या कशाने?

रामबागवाली (इंदूर)

आमचा डीव्हीडी प्लेअर गेल्या महिन्यात गेला. ट्रे बाहेर येतो, डिस्क आत घेतो, दोनदा गुरगुरतो आणि 'नो डिस्क' म्हणतो. जेल रोडवर तिघांना दाखवला. एकाने तर स्क्रू काढायचीही तसदी घेतली नाही. "दीदी, इसका लेंस अब कहाँ मिलेगा" म्हणाला आणि पिशवी माझ्याच हातात परत दिली.

खरी अडचण प्लेअरची नाही, बाबांची आहे. वय ७९, बँकेतून निवृत्त. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हापासून त्यांना हे वेड लागलं. शनिवार आला की राजवाड्याकडे चक्कर, आणि येताना पिशवीत दोन-तीन डिस्क. नाटकं, जुने हिंदी सिनेमे, कीर्तनं, शिवाय माझ्या आणि भावाच्या लग्नाच्या. प्रत्येक डिस्कला नंबर. आणि एक लांब वही, अगदी लेजरसारखी आखलेली: नंबर, नाव, तारीख, कोणत्या कपाटात कोणता खण, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणाकडे'. नंबर लाल शाईने. बाबांना सिनेमाचं नाव सांगा, ते आधी नंबर सांगतील, मग त्यात कोण कोण होतं ते.

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर बसून सगळं उतरवून दिलं. वहीत ३८६ आहेत, उतरल्या ३७७. आठ वाचल्याच नाहीत (तीन पावसाळ्यांत पांढरी बुरशी चढलेली) आणि २१२ नंबरची डिस्क जागेवर नाही. २२५ डिस्कचे 'व्हिडिओ_टीएस' नावाचे फोल्डर आहेत, ५८ आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) आहेत, ९४ व्हीसीडीच्या डॅट फाइली. एकूण दीड टीबीच्या आसपास. २ टीबीच्या हार्डडिस्कमध्ये मावलं. (ती विंडोजमध्ये १.८१ दिसते, मी दुकानदाराशी भांडून आले होते, माझंच चुकलं होतं.)

आता हार्डडिस्क ४३ इंची टीव्हीला लावली तर तीन भानगडी. नाटक वीस-पंचवीस मिनिटं चालतं आणि वाक्य अर्धवट असतानाच थांबतं, पुढची फाइल हाताने लावावी लागते. नटी रंगमंचावरून चालत गेली की नऊवारीच्या काठाला कंगव्याचे दात फुटतात. आणि सगळी माणसं आडवी, फुगलेली. बाबा म्हणाले, "ही बाई एवढी जाड नव्हती." चौथी भानगड: मधूनच हार्डडिस्क टक्-टक् करते आणि टीव्ही 'डिव्हाइस काढले' म्हणतो.

मध्ये एक स्वस्त अँड्रॉइड डबा आणला, खोक्यावर 'एट-के' लिहिलेला. दुसऱ्या दिवशी गरम होऊन बसला. परत घेत नाहीत म्हणे.

आठ-दहा हजारांपर्यंत जाईन. बाबांच्या हातात रिमोट एकच हवा, आणि नाटकाचा 'अंक पहिला, अंक दुसरा' असा जो मेनू डिस्कवर असतो तो शक्य तर हवाच.

लष्करचा (ग्वाल्हेर)

ताई, टीव्ही बिघडलेला नाही. डीव्हीडीवर सिनेमा एका फाइलीत नसतो, १ जीबीपेक्षा मोठी व्हीओबी फाइल ठेवायची नाही असा तिचा नियमच आहे. म्हणून एका नाटकाचे चार-पाच तुकडे. हे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे आणि मेनूतलं कोणतं बटण कुठे जातं ते शेजारच्या छोट्या आयएफओ फाइलींत लिहिलेलं असतं. टीव्ही त्या उघडतच नाही. सेकंदाला पाचेक मेगाबिट (एमबीपीएस) या वेगाने १ जीबी म्हणजे साधारण सत्तावीस मिनिटं. तुमचा हिशेब जुळला.

टक्-टक् विजेची. टीव्हीच्या साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळणार, आणि फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागतात. वेगळ्या अडॅप्टरचं यूएसबी हब मध्ये घाला, आवाज बंद होईल. हे आजच करा, असेच झटके बसत राहिले तर डिस्क मरते. आणि दुसरी प्रत आहे ना? नसेल तर डबा-बिबा नंतर, आधी दुसरी हार्डडिस्क घ्या.

एकच_डबा (पुणे)

एवढा खटाटोप कशाला? सगळं मेकएमकेव्ही या प्रोग्राममधून काढून एमकेव्ही फाइली करा. एका डिस्कची एक फाइल, बहुतेक टीव्ही सलग चालवतील. पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे चित्र जसंच्या तसं. मग एखादी फायर टीव्ही स्टिक आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर, म्हणजे टीव्हीला फाइली पुरवणारा प्रोग्राम. प्लेक्स नावाचा सर्व्हर घेतलात तर मात्र एमकेव्ही झाल्यावरच, ते आयएसओ आणि व्हिडिओ_टीएस घेत नाही. मेनू विसरा. मेनू कोण बघतं आता?

सूरसागरकाठचा (बडोदे)

मेनू ७९ वर्षांचा माणूस बघतो. ताईंनी स्पष्ट लिहिलंय.

मी हे सगळं स्वतःच्या हाताने केलंय, म्हणून जरा लांब लिहितो. ताई, डब्यावरचं फोर-के, एट-के विसरा. तुमच्या डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ आहे, एमपीईजी-२ नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम, त्याही दोन अर्ध्यांत विणलेल्या. व्हीसीडी तर त्याच्या पाव, ३५२ बाय २८८. तुम्हाला ताकदवान यंत्र नकोय. जुनी भाषा समजणारं यंत्र हवंय. नवीन डब्यांची धाव नव्या फॉरमॅटकडे असते, एमपीईजी-२ ची आठवण कोणी ठेवत नाही.

माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आहे, त्यावर लिब्रेइलेक ही प्रणाली आणि त्यात कोडी हा व्हिडिओ लावायचा प्रोग्राम. कोडीला व्हिडिओ_टीएस फोल्डर किंवा आयएसओ दाखवलं की ते डिस्क घातल्यासारखं वागतं, मेनूसकट. एखाद्या डिस्कचा मेनू अडखळतो, तेव्हा सरळ मुख्य भाग लावायचा. पाय ३ किंवा त्याआधीचा कोणी स्वस्तात देत असेल तर थांबा. त्यांत एमपीईजी-२ ची किल्ली, म्हणजे परवान्याचा कोड, वेगळी विकत घ्यावी लागायची. पाय ४ चा प्रोसेसर हे काम कसलीही किल्ली न मागता रेटून नेतो.

रिमोटचं उत्तर एचडीएमआय-सीईसी. पाय टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलीतूनच टीव्हीच्या रिमोटची बटणं पायपर्यंत पोहोचतात, वर-खाली, ओके, मागे. पण टीव्हीत ते चालू करावं लागतं आणि प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये 'सीईसी' शोधत बसलात तर सापडणार नाही, मी दोन संध्याकाळी घालवल्या.

कंगव्याचे दात म्हणजे इंटरलेसिंग. त्या दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका वेळ गेलेला असतो, तेवढ्यात नटी पुढे सरकते. कोडीत व्हिडिओ चालू असताना डीइंटरलेसची सेटिंग मिळते, ती लावून 'सगळ्यांसाठी हेच' करा. फुगलेली माणसं म्हणजे ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलेलं. टीव्हीतलं 'वाइड' काढा. दोन्ही बाजूंना काळं राहील, राहू द्या. माझ्या सौभाग्यवतींना ते काळं खपत नव्हतं. मी म्हटलं, बालगंधर्वांना आडवं करायचं का?

हार्डडिस्क दुसरीकडे ठेवून वायफायवरून बघणार असाल तरी वेगाची चिंता नको. डीव्हीडी फार फार तर १०.०८ एमबीपीएस मागते, त्याहून जास्त तिला परवानगीच नाही. हार्डडिस्क पायलाच लावणार असाल तर तोही प्रश्न नाही, फक्त पायच्या चारही यूएसबींना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. ग्वाल्हेरकरांनी सांगितलेलं हब इथेही लागेल.

फोल्डरांना नावं देताना ७ नाही, ००७. नाहीतर १ नंतर १०, १०० असा क्रम लागण्याची भीती. डॅट फाइल हटून बसली तर नावापुढचं डॅट काढून एमपीजी करून बघा.

एकच_डबा (पुणे)

काका, बरोबर. मेनू हवा असेल तर माझं उत्तर बाद. पण लग्नाच्या डीव्हीडींचे एमकेव्ही कराच, त्या नातेवाइकांना पाठवायला बऱ्या. आणि जुन्या डिस्कवर आयएसओ कॉपी होत नसेल तर ती एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, ४ जीबीवरची फाइल ती घेत नाही.

रामबागवाली (इंदूर)

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

पाय ४, त्याचं मेमरी कार्ड, अडॅप्टर, हब आणि दुसरी हार्डडिस्क, सगळं मिळून बजेटच्या थोडं वर गेलं. दुसरी हार्डडिस्क भावाच्या घरी ठेवलीय. एफएटी३२ वाली गोष्ट खरी निघाली, भाचा ज्या जुन्या डिस्कवर डोकं आपटत होता ती तीच होती.

पहिल्याच रात्री कोडीत बाबांनी एक नाटक लावलं. मेनू आला, तेच पार्श्वसंगीत, तीच लाल पडद्याची कड. त्यांनी रिमोटवर ओके दाबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हौ. हेच." दात गेले. काठ सरळ दिसतो. काळ्या पट्ट्यांबद्दल त्यांची काही तक्रार नाही, ती आईची आहे.

चौथ्या दिवशी डबा सुरूच होईना. कारण घरातलंच. बाबा रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचे सगळे खटके बंद करतात, गेली पन्नास वर्षं. पाय चालू असतानाच वीज काढली की कार्डावरचं बिघडू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. भाच्याने कार्ड पुन्हा भरलं आणि त्याचीच एक नक्कल करून डब्याला सेलोटेपने चिकटवून ठेवली. बाबांना बंद करायची पद्धत शिकवली, पण खटक्याची सवय सुटेल असं वाटत नाही, म्हणून पायची पिन टीव्हीमागच्या बोर्डातून काढून स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोर्डात नेली. तो खटका आईच्या अखत्यारीत येतो, तिथे बाबा हात लावत नाहीत.

नावांचं मात्र काकांचं ऐकूनही फसलं. ००१ ते ३८६ अशी एकच यादी लावली तर बाबा खाली जाता जाता कंटाळायचे, आणि ३०० च्या पुढे गेले की 'मागे' दाबून पुन्हा पहिल्यापासून. मग वही उघडली. त्यात खणाचा रकाना आहेच. कोडीत आता सात फोल्डर आहेत: 'कपाट १ वरचा खण', 'कपाट १ मधला खण', असे. डिस्क जशा कपाटात होत्या तशाच. वही बघायची, कपाट, खण, नंबर. आता माझ्याआधी ते शोधतात.

काल दुपारी ते २१२ शोधत होते. कोडीत २११ नंतर सरळ २१३ येतं, त्यांना वाटलं डबा बिघडला. मी वही आणली. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात 'मधल्या आळीतल्या काकू, जून २०११'. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आज सकाळी पोहे-जिलेबी आणायला म्हणून बाहेर पडलेत, दीड तास झाला. मधल्या आळीकडे गेलेत, आईला खात्री आहे.