लाइव्ह क्लासमध्ये कॅमेऱ्याची सक्ती नको, दर दहा मिनिटांनी प्रश्न हवा. पटतंय का?

तापीकाठ (धागा काढणारा)

मंडळी, जरा भांडूया. जळगाव-धुळ्याकडे अकरावी-बारावी, नीट, एमपीएससी सगळ्यांचेच संध्याकाळचे लाइव्ह क्लास जोरात आहेत. कॉलेज आटोपून मीही बारावी फिजिक्सची एक बॅच घेतो. क्लासवाल्यांच्या ग्रुपवर रड एकच: पोरं लक्ष देत नाहीत. उपायही एकच: कॅमेरा सुरू ठेवा, नाहीतर बाहेर व्हा.

माझं म्हणणं असं की कॅमेऱ्यात तोंड दिसतं, लक्ष दिसत नाही. लक्ष हवं असेल तर दर आठ-दहा मिनिटांनी पोराला काहीतरी करायला लावा. आणि ते काम असं हवं की वर्गातल्या सगळ्यात रडक्या मोबाइलवर, सगळ्यात रडक्या नेटवरही जमेल. क्लासची आखणी तिथून सुरू करायची, स्लाइड नंतर.

अकरावीच्या उजळणीतलं उदाहरण घ्या. ४० वॅटचा आणि १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून २३० व्होल्टवर लावले, तर जास्त उजेड कोणाचा? मी सांगतो, उत्तर आणि एका ओळीत कारण टाइप करा, पण मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाठवू नका. मग मिनिटभर तोंड बंद ठेवतो. (मास्तर जातीला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.) 'सोडा' म्हटलं की चॅटमध्ये उत्तरं बदाबदा पडतात, एकमेकांचं बघून लिहायला वावच राहत नाही. निम्म्याहून जास्त पोरं १०० लिहितात. बरोबर की चूक ते मी सांगत नाही. जोड्या आधीच लावून दिलेल्या असतात. तीन मिनिटं व्हॉट्सअ‍ॅपवर जोडीदाराला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. या वेळी ४० वाले वाढतात. व्होल्टेज रेटिंग सारखंच, म्हणजे कमी वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स जास्त. सिरीजमध्ये करंट दोघांतून तेवढाच, मग जास्त रेझिस्टन्सवाल्यात पॉवर जास्त, म्हणून उजेड ४० चा. हे पोरांनीच एकमेकांना सांगितलेलं असतं. त्यानंतर मी जे शिकवतो ते ऐकलं जातं.

ही शक्कल माझी नाही. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात ती रुळवली. त्यांच्या पद्धतीत एक ठोकताळा आहे: पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तरच चर्चेला सोडा. कमी आले तर पुन्हा शिकवा, जास्त आले तर पुढे चला.

आता हाणा.

निवृत्त_मास्तर

हाणतोच. बारावी फिजिक्सला सोळा प्रकरणं आहेत. एका बल्बमागे दहा मिनिटं घालवलीत तर सेमीकंडक्टरपर्यंत कधी पोचणार? बोर्डाच्या पेपरात जोडीदाराला पटवा असा प्रश्न येत नाही.

दुसरं म्हणजे, ऐकणं हेसुद्धा काम आहे. पोरगं गप्प आहे म्हणजे झोपलंच आहे हे कोणी ठरवलं? चांगला कीर्तनकार गावात दोन-अडीच तास माणसं धरून ठेवतो, त्याला पोल घ्यावा लागत नाही. शिकवण्यात दम नसला की असल्या गमती लागतात. माफ करा, स्पष्ट बोललो.

भरीतपार्टी

पोरांना व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून तीन मिनिटांत परत बोलावणार? मांजराला दुधाची राखण!

तापीकाठ

मास्तर, कीर्तनाचं तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. कीर्तनकार अडीच तास सलग बोलत नाही. मध्येच अभंगाचं ध्रुपद धरायला लावतो, टाळकरी साथ देतात, 'पुंडलिक वरदे' म्हटलं की सगळा मंडप 'हरि विठ्ठल' म्हणतो. झोपेला आलेला म्हातारासुद्धा त्या गजराला हात वर करतो. शिवाय समोर बसलेल्यांचे डोळे त्याला दिसतात, कुठे आवरायचं ते कळतं. लाइव्ह क्लासमध्ये ते डोळे गेले, तर गजर तरी ठेवा!

पोर्शनचं म्हणाल तर २०१४ साली फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के, पोरांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२. पोर्शन पूर्ण केला आणि पोरगं राहिलं, तर पूर्ण काय झालं?

आकडेमोड

धागाकर्त्याशी बराचसा सहमत, पण पुरावा हवा तिथेच लावा. फ्रीमनचा अभ्यास समोरासमोरच्या वर्गांचा आहे. तो जसाच्या तसा मोबाइलच्या पडद्यावर चिकटवता येत नाही. असंच 'पोरं सहाच मिनिटं बघतात' हे वाक्य प्रत्येक ट्रेनिंगमध्ये फेकलं जातं. ते आलंय एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या २०१४ च्या अभ्यासातून, आणि तो रेकॉर्डेड व्हिडिओंचा आहे, लाइव्हचा नाही. त्यावरून लाइव्ह तासाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडणं म्हणजे अंधश्रद्धाच.

एक गोष्ट मात्र मास्तरांनी वाचण्यासारखी आहे. हार्वर्डमध्येच २०१९ साली डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी फिजिक्सच्या पोरांची तुलना केली. कामाला लावलेल्या वर्गातली पोरं चाचणीत पुढे होती, पण 'आज किती शिकलात' विचारलं तर जास्त समाधानी होती ती छान व्याख्यान ऐकलेली. सफाईदार बोलणं ऐकलं की आपल्याला समजलं असं वाटतं. म्हणून शेवटी फीडबॅकचे तारे मोजून क्लास चांगला की वाईट ठरवू नका.

क्लास_चालक

सगळे पगारी लोक बोलून घेतायत, आता धंदेवाल्याचं ऐका. पालक फी भरतो आणि विचारतो, माझा मुलगा बसतो का? 'चॅटमध्ये ४० लिहिलं होतं' हे मी त्याला दाखवू? कॅमेरा सुरू असला की निदान पलंगावर लोळत नाही. आणि शिकवणाऱ्याचंही बघा. साठ काळ्या चौकोनांपुढे बडबडून माझे दोन चांगले सर सोडून गेले. म्हणाले, भिंतीशी बोलायचे पैसे नको.

बारावी_अ

विद्यार्थी म्हणून लिहितो, राग मानू नका.

कॅमेरा लावला की मागे चूल दिसते, आजी खाटेवर दिसते, कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतं. त्यामुळे सगळं लक्ष स्वतःच्या चौकोनावर. बोर्डकडे कोण बघतो.

पण तापीकाठ सर, पोलचंही सांगतो. ए-बी-सी-डी आला की आम्ही 'बी' दाबतो आणि परत रील. काही सर प्रत्येक स्लाइडला 'समजलं का? येस टाका' म्हणतात. येस टाकायला अंगठा लागतो, डोकं लागत नाही. शंभर येस पडतात, सर खूश. तुमच्यात कारण लिहावं लागतं म्हणून ते वेगळं आहे, पण मराठी टाइप करायला वेळ लागतो. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, तेव्हा सर म्हणतात शुद्ध लिहा. मग कोणीच लिहीत नाही.

तापीकाठ

'येस टाका' वर बंदीच आणायला हवी. तो प्रश्न पोरांसाठी नसतोच, सरांच्या समाधानासाठी असतो.

आणि वेळेचं बरोबर आहे. शिक्षणावर संशोधन करणाऱ्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या टेप ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी पोरं बोलू लागतात. तो झाला समोरासमोरचा वर्ग. इथे आवाज उशिरा पोचणार, पोरगं वाचणार, विचार करणार आणि मग मोबाइलवर टाइप करणार. मिनिटाच्या खाली हिशेबच बसत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहा, अहिराणीत लिहा, मला काय, कारण कळलं पाहिजे.

चालकभाऊ, पालकाला दाखवायचंच तर चॅट सेव्ह करा. पोरानं आठवडाभर काय कारणं लिहिली ते दाखवा. पलंगावर बसलेला फोटो दाखवण्यापेक्षा ते भारी पडेल.

आकडेमोड

कॅमेऱ्याबाबत 'बारावी_अ' म्हणतोय तेच बाहेरही दिसलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅस्टेली आणि सार्व्हरी यांनी विद्यार्थ्यांनाच कॅमेरा का लावत नाही विचारलं, तर सगळ्यात जास्त जणांचं कारण होतं आपण कसे दिसतो याची चिंता. मागे कोण दिसतं, नेट कमी पडतं हीसुद्धा कारणं होती. स्टॅनफोर्डच्या बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात सतत स्वतःचाच चेहरा समोर असणं हे एक आहे.

पण 'काळ्या चौकोनांपुढे बोलवत नाही' हेही खरं आहे. त्याची चेष्टा नको.

रावेरकर

भाऊ, तुमनं बल्बनं गणित माले समजनं नही, पन एक सांगस. आमना घरमा मोबाइल एकच शे.

मराठीत लिहितो, नाहीतर म्हणाल काय लिहिलं. पोरगी बारावीला, पोरगा नववीला, दोघांचा क्लास सात वाजता. केळीची कापणी असली की मोबाइल माझ्याकडे, कारण व्यापाऱ्याचा फोन कधी येईल सांगता येत नाही. दीड जीबीचा पॅक, व्हिडिओ लावला की संपला. लाइट गेली की टॉवरची रेंजही डुगडुगते. पोरीच्या क्लासवाले म्हणतात, रेकॉर्डिंग देणार नाही, दिलं तर लाइव्हला कोणी बसत नाही. मग आम्ही काय फी फुकट भरली? तुम्ही पोल घ्या, जोड्या लावा, काही करा. चुकला तास तर तो परत कुठे मिळेल, ते आधी सांगा.

क्लास_चालक

रेकॉर्डिंग दिलं की ते दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर फिरतं, दादा. आमच्या पोटावर पाय.

तापीकाठ

रावेरकर, तुमचा मुद्दा मी धाग्यात वरच लिहायला हवा इतका मोठा आहे. दोन तासांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग तुमच्या पॅकमध्ये मावणारही नाही. मी देतो ते असं: नुसता आवाज, तोही तुकड्यांत, आणि सोबत फळ्याचे फोटो. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी वर्गात विचारलेला प्रश्न तसाच, उत्तर पुढच्या तुकड्यात. त्यात चोरण्यासारखं फारसं नसतं आणि पोरीला रात्री दहाला ऐकता येतं. तिनं कारण लिहून पाठवलं की तिची हजेरी धरतो.

चालकभाऊ, रेकॉर्डिंग मिळालं म्हणून पोरगं लाइव्हला येत नसेल, तर तुमच्या लाइव्हमध्ये रेकॉर्डिंगपेक्षा वेगळं काहीच नाही असा त्याचा अर्थ.

क्लास_चालक

हे जिव्हारी लागलं. पण साठ जणांची लेखी कारणं रोज कोण वाचणार, त्याचा पगार कोण देणार, तेही सांगा.

अक्राणी

धडगाव तालुक्यात प्राथमिकला आहे. तुमचं सगळं बारावीचं चाललंय, थोडं खाली बघा.

२०२० च्या टाळेबंदीत पाड्यावर रेंज नव्हती, टेकाडावर चढून मोबाइल धरायची पोरं. त्याच जुलैत केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या: पहिली ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटं; नववी ते बारावीला चार. वरचे दोन-दोन तासांचे क्लास ऐकून त्याची आठवण झाली.

आमची पोरं घरात पावरी बोलतात. चॅटमध्ये कारण लिहा म्हटलं तर तिसरीतलं पोरगं लिहिणार काय आणि कोणत्या भाषेत? मी व्हॉइस नोट मागायचो. 'घरातली अशी वस्तू शोधा जिला कोपरेच नाहीत, आणि तिच्याबद्दल बोला.' एकीनं भाकरी सांगितली, एकानं घागर. दोघांचं भांडण लागलं की घागरीला तळ आहे म्हणून ती चालणार नाही. ते सगळं पावरीत. गोल आणि वर्तुळ यातला फरक मला शिकवावा लागला नाही. टाइप करणं म्हणजेच सहभाग, असं समजू नका.

निवृत्त_मास्तर

अक्राणी, घागरीचं भांडण आवडलं. पण ती तिसरी झाली. तापीकाठ, तुम्ही सोयीचा प्रश्न निवडलात. बल्बला दोन पर्याय, मस्त वाद होतो. डेरिव्हेशनचं काय? तिथे मत कशाचं घेणार? ओळीमागून ओळ येते, ती दाखवावीच लागते.

तापीकाठ

दाखवायची, पण मधली एक ओळ गाळायची. पाचव्या ओळीला पेन खाली ठेवायचा आणि म्हणायचं, पुढची ओळ वहीत लिहा, फोटो काढून मला एकट्याला पाठवा. पन्नास फोटो वाचत नाही, चार उघडतो, त्यातला एक चुकलेला नाव न सांगता पडद्यावर घेतो. चूक कुठे ती पोरंच शोधतात. मात्र फोटोला डेटा लागतो, म्हणून तासाला एकदाच. ज्याचा जाणार नाही त्यानं नुसती ओळ टाइप करावी.

चालकभाऊ, तुमच्या साठांचंही तेच. रोज सगळी वाचू नका. रोज दहा वाचा, दहा कोणती ते पोरांना सांगू नका.

बारावी_अ

नाव न सांगता घेणार हे आधीच सांगत जा सर. नाहीतर चुकीचं कोणीच पाठवणार नाही.

निवृत्त_मास्तर

गाळलेल्या ओळीची गोष्ट मान्य. फळ्यावर मी आयुष्यभर तेच केलं, फक्त फोटो मागितले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या जोड्या मान्य नाहीत. आणि पाच मिनिटांचं डेरिव्हेशन पंधरा मिनिटांचं होतं, हा हिशेब तुम्ही अजून दिलेला नाही. सोळा प्रकरणांपैकी कोणती पोरांनी घरी वाचायची आणि कोणती लाइव्ह घ्यायची, त्याची यादी टाका. मग पुढचं बोलू.

तापीकाठ

टाकतो. रोटेशनल डायनॅमिक्स लाइव्ह, सेमीकंडक्टर घरी. रविवारपर्यंत अख्खी यादी.

निवृत्त_मास्तर

सेमीकंडक्टर घरी? हे लिहिलंत म्हणजे रविवारी मी मोकळाच आहे.