आंतरराष्ट्रीय शांतता संघटनेत सामील होण्यासाठी देशात पाठिंबा कसा उभा राहतो?

प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) कल्पना ज्यांनी सर्वांत हिरीरीने मांडली, त्या अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचीच अमेरिका त्यात कधी गेली नाही. उलट १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद तिथल्या सिनेटने ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली. हा फरक केवळ दुसऱ्या महायुद्धाने घडवला, की सरकारनेही जाणीवपूर्वक काही वेगळे केले होते?

प्रतिसाद १

महायुद्धाचा धक्का मोठा होताच, पण सरकार त्यावर विसंबून राहिले नाही. १९१८ च्या निवडणुकीत सिनेट रिपब्लिकन पक्षाकडे गेली होती आणि राष्ट्रसंघाची सनद ज्यात होती त्या व्हर्सायच्या तहाला सिनेटची दोन तृतीयांश मते लागणार होती, तरीही विल्सन यांनी पॅरिसला नेलेल्या शिष्टमंडळात त्या पक्षाचा एकही सिनेटर नव्हता. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या दहाव्या कलमातील, सदस्य देशांच्या संरक्षणाच्या हमीमुळे युद्धाचा निर्णय काँग्रेसच्या हातून निसटेल, ही सिनेटमधील रिपब्लिकन नेते हेन्री कॅबट लॉज यांची शंका मला रास्त वाटते; तिच्यावर तडजोड करण्याऐवजी विल्सन देशभर भाषणे देत फिरले आणि प्रकृती ढासळल्याने तो दौराही अर्धवट राहिला. मार्च १९२० मध्ये तहाला सात मते कमी पडली.

याउलट, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा मसुदा तयार होण्याआधीच, १९४३ मध्ये, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी अशा संघटनेच्या बाजूने ठराव केले होते. ही सनद ठरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या अमेरिकी शिष्टमंडळात एकेकाळचे कट्टर अलिप्ततावादी रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग होते, आणि कामगार, शेतकरी, धार्मिक अशा ४२ संघटनांना सल्लागार म्हणून बोलावले होते. ज्यांचा विरोध होऊ शकतो त्यांचा हात मसुद्याला आधीच लागलेला असणे, हे मला प्रचारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद २

अमेरिकेकडे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होता, त्यामुळे तिथे लोकांना आश्वस्त करणे तुलनेने सोपे होते. स्वित्झर्लंडमध्ये १९८६ च्या सार्वमतात सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व नाकारले. पुढे शीतयुद्ध संपले, तटस्थता कायम राहील अशी हमी सरकारने दिली, आणि २००२ मध्ये ५४.६ टक्के मते बाजूने पडली. तरीही कँटनांचा, म्हणजे तिथल्या राज्यांचा, कौल १२ विरुद्ध ११ इतका काठावरचा होता. मधल्या काळात, १९९४ मध्ये, शांतिसैनिक पाठवण्याचा प्रस्तावही मतदारांनी फेटाळला होता, म्हणून सदस्यत्व आणि सैनिक हे दोन प्रश्न लोकांपुढे वेगवेगळे मांडावेत.

प्रतिसाद ३

सैनिकांच्या प्रश्नावर जर्मनीचा मार्ग पाहावा. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने जुलै १९९४ मध्ये परदेशातील अशा मोहिमांना मान्यता दिली, मात्र सशस्त्र सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची संमती बंधनकारक ठरवली.