मदत हवी आहे: मोडक्या खुर्चीचं निर्लेखन कसं करून घ्यायचं?

नमस्कार मंडळी. मी राज्य शासनाच्या एका मोठ्या कार्यालयात लिपिक आहे. माझी खुर्ची मोडली आहे. बसलं की ती सावकाश खाली जाते आणि टेबल थेट छातीशी येतं. भांडारपाल म्हणतात, जुनी खुर्ची निर्लेखित झाल्याशिवाय (म्हणजे नोंदीतून अधिकृतपणे बाद झाल्याशिवाय) नवीन मिळणार नाही. प्रस्ताव दिला, तर तो त्रुटी लावून परत आला: खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला क्रमांक जडवस्तुसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळत नाही. शेवटचा आकडा पुसट झालाय, ३ की ८ ते कुणालाच ठरवता येईना. आता लेखा शाखेला खरेदीचं मूळ देयक (बिल) हवंय. ही खुर्ची माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे हो, देयक कुठून आणू? (नवीन खुर्च्या भांडारात प्लास्टिकसकट पडून आहेत, हे वेगळंच.)

जाणकारांना दोन प्रश्न. मूळ देयक मिळत नसेल, तर कार्यालय प्रमुखांच्या प्रमाणपत्रावर निर्लेखन समिती काम भागवते का? कुणी असं केलं असेल तर प्रस्तावाच्या टिप्पणीत नेमकं काय लिहिलं होतं?

दुसरं, 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्यात कलम 10 प्रमाणे नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. स्वतःच्याच कार्यालयातल्या नस्तीसाठी कुणी त्याचा हवाला दिलाय का? साहेब दुखावतील अशी धास्ती वाटते. घरून खुर्ची आणायचा सल्ला कृपया नको, गेटवर तिचाही पास लागतो.