मदत हवी आहे: इंग्लंडात वॉटफर्डला पोल कार्ड (मतदानाची सूचना) आलंय, भारतीय पासपोर्टवर मत देता येतं का? शिवाय आडनावाचा घोळ

रानमेवा
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही वॉटफर्डला राहतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट, दोघेही भारतीय नागरिक, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) व्हायला अजून अवकाश आहे. परवा दोघांच्या नावाने पोल कार्ड आलं, ७ मे २०२६ ला निवडणूक, मेयर पण आणि काउन्सिलर पण. घर बदललं तेव्हा नवऱ्याने ऑनलाइन काहीतरी फॉर्म भरला होता, त्याला वाटलं क्रेडिट स्कोअरसाठी लागतो, मत द्यायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आता त्याचा ऑफिसमधला मित्र म्हणतो की हे चुकून आलंय, फाडून टाका, मत दिलंत तर उद्या आयएलआरच्या वेळी होम ऑफिस (इथलं गृहखातं) विचारेल, आणि भारतातलं मतदार यादीतलं नाव पण जाईल. हे ऐकून नवरा म्हणतोय कशाला नसती उठाठेव. मला मात्र द्यायचंय मत, इथे कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) भरतोच ना आपण, मग?

दुसरा घोळ नावाचा. पासपोर्टवर माझं माहेरचं आडनाव आहे, लग्नानंतर बदललंच नाही, पण नवऱ्याने तो फॉर्म भरताना सवयीने सासरचं आडनाव टाकलं, पोल कार्डावर तेच आलंय. आता फोटो आयडी दाखवावं लागतं म्हणे. ड्रायव्हिंग लायसन्स माझं नाही. फोनवरचा ई-व्हिसा दाखवून चालेल का? सासूबाई पण सध्या व्हिजिटर व्हिसावर आल्यात, त्या विचारतायत माझं पण कार्ड येणार का 😀

आणि कोणीतरी हे पण सांगा की वॉर्डात तीन नगरसेवक आहेत असं वेबसाइटवर दिसतं, मग तीन मतं द्यायची की एक? पुण्यात जानेवारीत आईबाबांनी पॅनलला चार मतं दिली, ते ऐकून माझा अजूनच गोंधळ उडालाय.

बुशीचा_बोका
पहिलं म्हणजे कार्ड फाडू नका. चुकून वगैरे काही आलेलं नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये (राष्ट्रकुलात) आहे आणि कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, यूकेत राहायची परवानगी असलेला, अठरा पूर्ण, एवढं असलं की इथल्या कौन्सिलच्याच काय संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. व्हिसा कुठला याला महत्त्व नाही, स्टुडंट असो की डिपेंडंट. नवऱ्याच्या मित्राला सांगा की फॉर्ममध्ये नॅशनॅलिटी विचारतात ती याचसाठी, तिथे इंडियन लिहिलं होतं आणि तरीही नाव लागलं म्हणजे झालं. कायद्याने दिलेला हक्क वापरला म्हणून आयएलआर अडत नाही. खोटी माहिती देऊन नाव लावलं तर गुन्हा, ते वेगळं.

भारतातलं म्हणाल तर इथे मत दिल्याने नागरिकत्वाला धक्का लागत नाही, ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर. आणि तिकडच्या यादीचा इथल्या मतदानाशी काही संबंध नाही. परदेशात राहणाऱ्यांना फॉर्म ६-ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लावता येतं, फक्त मत द्यायला विमानाचं तिकीट काढून जावं लागतं, त्यामुळे फार जण त्या वाटेला जात नाहीत.

खडूस_काकू
रानमेवा, आयडीचं मी सांगते कारण आमच्या शेजारणीला २०२३ ला दारातून परत यावं लागलं होतं, तेव्हा हा नियम इंग्लंडात नुकताच लागू झाला होता आणि ती बाई लायब्ररीचं कार्ड घेऊन गेली होती. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी चालतो, फोटोत तुम्ही तुमच्यासारख्या दिसल्या म्हणजे पुरे. ई-व्हिसा नाही चालत, फोनवर दाखवलेलं काहीच चालत नाही, खरीखुरी वस्तू हातात हवी. पोल कार्ड म्हणजे आयडी नव्हे, ते घरी राहिलं तरी मत देता येतं.

पण नाव जुळलं पाहिजे हो. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असेल तर टेबलावरचे लोक समजून घेतात, पण अख्खं आडनावच वेगळं असेल तर ते पुरावा मागणार. मॅरेज सर्टिफिकेट न्यायचं असं सांगतात, आणि इंग्लंडातल्या बाईला ते सोपं जातं. आपलं मॅरेज सर्टिफिकेट कसं असतं आठवा, वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचं आधीचं. त्यात कुठेही लिहिलेलं नसतं की ही बाई उद्यापासून अमुक आडनाव लावणार. टेबलामागचा माणूस भला असेल तर जोड लावून घेईल, नाहीतर वाद घालत बसा रांग खोळंबवून. त्यापेक्षा आत्ताच पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव टाकून परत रजिस्टर करा. २० एप्रिल रात्री बाराच्या आत. पाच मिनिटांचं काम आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. आणि या वेळी नवऱ्याला फॉर्म भरू देऊ नका 😛

रानमेवा
काकू 🙏🙏 हे मॅरेज सर्टिफिकेटचं डोक्यातच आलं नव्हतं, मी तेच शोधायला बॅग उपसत होते. आत्ता काढून बघितलं, खरंच, माझं नाव पूर्ण माहेरचंच आहे त्यावर. पण दुसऱ्यांदा रजिस्टर केलं तर दोन नावांनी दोन नोंदी होणार नाहीत का? तो आणखी मोठा लफडा नको व्हायला.

खडूस_काकू
कार्डावर इलेक्टोरल सर्व्हिसेसचा (कौन्सिलच्या मतदार नोंदणी खात्याचा) फोन आणि ईमेल असतो, फॉर्म भरून झाला की लगेच त्यांना कळवा की जुनी नोंद अमुक नावाने आहे ती काढा. त्यांना हे रोजचं आहे, घाबरायचं काही नाही. फॉर्ममध्ये ओपन रजिस्टर असा एक रकाना येतो, त्यातून बाहेर पडा, नाहीतर नावपत्ता जाहिरातवाल्यांना विकत मिळतो. क्रेडिट स्कोअरला त्याने फरक पडत नाही.

तिसरी_घंटा
मतं किती याचं उत्तर कोणी दिलंच नाही अजून. वॉटफर्डमध्ये १२ वॉर्ड, प्रत्येकी तीन जागा, एकूण ३६ काउन्सिलर, पण तिन्ही जागा एकदम भरत नाहीत. दर वर्षी एक-एक जागा निघते आणि चौथ्या वर्षी हर्टफर्डशायर काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) निवडणूक असते, ती गेल्या वर्षी मे मध्ये झाली. म्हणून यंदा तुमच्या वॉर्डात साधारण एकच जागा, एकच फुली. मधेच कोणी राजीनामा दिला असेल तर दोन जागा निघू शकतात, कागदावर वरतीच लिहिलेलं असतं किती जणांना मत द्यायचं ते. पुण्याच्या पॅनलमध्ये अ ब क ड अशा चार वेगळ्या जागा आणि प्रत्येकीला वेगळं बटण, तसलं काही इथे नाही.

मेयरचा कागद वेगळा मिळेल. हा मेयर आपल्या महापौरासारखा फीत कापणारा नाही हं. आपल्याकडे सगळी सत्ता आयुक्ताच्या हातात आणि महापौर मानाचा, इथे मेयरच कारभार चालवतो, लोक त्याला थेट निवडतात, वॉटफर्डला २००२ पासून. आधी त्यात पहिली पसंती दुसरी पसंती असायची, आता ते गेलं, एकच फुली, ज्याला जास्त मतं तो आला.

माझं स्पष्ट मत, मत देण्याआधी कोणाकडे काय आहे ते बघून घ्या. कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या, हाउसिंग, बागा हे वॉटफर्डकडे. रस्ते, खड्डे, शाळा, लायब्ररी, म्हाताऱ्यांची देखभाल हे काउंटीकडे. कौन्सिल टॅक्सचं बिल वॉटफर्ड पाठवतं पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा काउंटी घेऊन जाते. पत्रकात कोणी खड्ड्यांच्या नावाने मतं मागत असेल तर खुशाल ओळखा की हा बाण भलत्याच झाडावर मारतोय.

सासूबाईंना सांगा, नाही येणार कार्ड. पाहुणे म्हणून आलेल्यांना नाही, इथे राहणाऱ्यांना.

रानमेवा
सासूबाईंना सांगितलं, म्हणाल्या मग मी तुझ्याबरोबर आत येऊन बघते तरी 😂

बुशीचा_बोका
मत द्यायच्या जागेपर्यंत नाही येऊ देणार त्यांना. शाळेच्या हॉलमध्ये किंवा चर्चमध्ये असतं केंद्र, बाहेर बसतील कुठेतरी.

एक सांगायचं राहिलं. दारात रोझेट (पक्षाचा फितीचा बिल्ला) लावलेले एकदोन जण खुर्ची टाकून बसलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कार्डावरचा नंबर विचारतात. ते सरकारी नाहीत, पक्षाचे कार्यकर्ते, आपले मतदार येऊन गेले का याचा हिशेब ठेवतात. नंबर दिला नाही तरी चालतं, हसून पुढे जा. पहिल्यांदा मी त्यालाच अधिकारी समजून पासपोर्ट काढून दाखवायला लागलो होतो.

आत मशीन वगैरे काही नाही, लांबलचक कागद, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल बघून पोटात गोळा येतो, स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. बोटाला शाई नाही लावत. 'नोटा'चा पर्याय नाही. सकाळी ७ ते रात्री १०, सुट्टी नसते, गुरुवारच आहे, ऑफिसहून आल्यावर जा. दहाच्या आधी रांगेत उभ्या असाल तर दहा वाजून गेले तरी मत घेतात.

रानमेवा
नवीन नावाने फॉर्म भरला आणि इलेक्टोरल सर्व्हिसेसला ईमेल पण टाकलं, जुनी नोंद काढतो असं उत्तर आलं. नवरा म्हणतोय त्या दिवशी त्याला उशीर होईल, त्याने पोस्टाने मत द्यायचं ठरवलं तर त्याचा अर्ज कधीपर्यंत? आणि नुसतं निवडणुकीला उभं राहायला काय लागतं हो, सासूबाई विचारतायत, माझ्यासाठी 😄

तिसरी_घंटा
पोस्टल अर्ज २१ एप्रिल संध्याकाळी ५ पर्यंत पोचला पाहिजे, उगाच शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

उभं राहायचं तर डिपेंडंट व्हिसावर नाही जमणार. मत द्यायला कुठलीही परवानगी चालते, पण उमेदवार व्हायला कॉमनवेल्थ नागरिकाकडे आयएलआर तरी हवा. तो झाला की मग काउन्सिलरच्या जागेला डिपॉझिट नाही, वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या आणि फॉर्म, बस. मेयरला मात्र ५०० पाउंड आणि ३० सह्या.